जहाजावर राहून अंगातला दम कसा टिकवायचा?

प्रश्न एका तरुण नौसैनिकाचा आहे. तो थोडक्यात असा: "सांगलीकडचा आहे. अग्निवीर म्हणून भरती झालो. चिल्काला (नौदलाचं ओडिशातलं प्रशिक्षण केंद्र) १.६ किलोमीटर पावणेसहा मिनिटांत पळत होतो. आता मुंबईच्या एका फ्रिगेटवर (मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर) आहे. दोन लांब डिप्लॉयमेंट झाली आणि वजन सात किलोंनी वाढलं, दोन शिड्या चढल्या की धाप लागते. पळायला जागा नाही, जिम म्हणजे एका कोपऱ्यातली दोन मशिन. वॉचमुळे (पाळीच्या ड्यूटीमुळे) झोपेचा ठिकाणा नाही. चार महिन्यांनी मेडिकल आहे. काय करू?"

घाबरू नकोस, पण ते चार महिने आजपासून धर. मी नौदलात पीटीआय (शारीरिक प्रशिक्षक) होतो, म्हणजे जहाजावरच्या लोकांचा घाम काढणं हीच माझी नोकरी होती. चिल्काहून काटक होऊन आलेली पोरं वर्षभरात ओव्हरऑल पोटावर ओढून घालताना मी भरपूर पाहिली आहेत. यात तुझा आळस थोडा आणि जहाजाच्या दिनक्रमाचा हात जास्त.

चिल्काला तुला फिट राहण्यासाठी वेगळं काही करावं लागत नव्हतं. पहाटे पीटी, मग परेड, वर्गात जायचं तेही डबल, म्हणजे धावत, संध्याकाळी खेळ. भूक त्या हिशेबाने वाढली. फ्रिगेट म्हणजे १२५ ते १५० मीटर लांबीचं जहाज. बंकपासून मेस वीस-पंचवीस पावलांवर, तिथून वॉचची जागा दोन-तीन शिड्यांवर. दिवसभर दमल्यासारखं वाटतं, पण ते दमणं उभं राहण्याचं, आवाजाचं, गरमीचं आणि अपुऱ्या झोपेचं असतं. पाय चाललेले नसतात. भूक मात्र चिल्काचीच राहते, आणि मेसमधलं जेवण फुकट, पोटभर आणि चवदार असतं.

म्हणून आधी गॅलीचं, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराचं बोलू. माझ्या मते तुझ्या सात किलोंतले पाच तरी तिथले आहेत. चहाचाच हिशेब घे. जहाजावर कप मोठा आणि चहा गोड. एका कपात दोन चमचे साखर धरली तर चाळीसेक कॅलरी नुसत्या साखरेच्या. उठल्यावर एक, स्टँड ईझीला (कामातल्या चहाच्या सुट्टीला) एक, वॉचवर दोन, दुपारी एक, रात्री एक असे सहा कप झाले की २४० कॅलरी. महिन्याच्या ७,२०० होतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे बाकी काही न बदलता नुसत्या साखरेने महिन्याला जवळजवळ किलोभर वजन चढू शकतं, आणि स्टँड ईझीचे समोसे आपण अजून मोजलेलेच नाहीत. चहा सोड असं मी सांगणार नाही, मिडल वॉच (रात्री बारा ते चारची पाळी) चहाशिवाय निघत नाही हे मलाही माहीत आहे. साखर एका चमच्यावर आण, महिन्याभराने अर्ध्यावर. जीभ पंधरा दिवसांत सरावते.

ताटात आधी डाळ, भाजी आणि अंडी किंवा चिकन घे, पोळी-भात त्यानंतर. आपण देशावरची माणसं, भात थोडा आणि पोळ्या मोजून खायची घरी सवय असते, ती मेसच्या रांगेत सुटते. रविवारी पुरी-छोले असतील तर खा, पण दुसऱ्यांदा रांगेत उभा राहू नकोस. बंदर सोडून आठ-दहा दिवस झाले की ताजी पालेभाजी संपत येते आणि बटाट्याचं राज्य सुरू होतं. त्या दिवसांसाठी मटकी किंवा मूग बरोबर ठेव. जहाजाच्या दमट उबेत एका रात्रीत मोड येतात, पण तितक्याच लवकर आंबतातही. म्हणून मूठभरच भिजवायची, गॅलीच्या चीफला विचारून फ्रीजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी संपवायची. मिडल वॉचला मॅगी आणि बिस्किटांऐवजी फुटाणे चालतील. शेंगदाणेही चालतील, पण एक मूठ. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी असतात. डबा उघडा ठेवून वॉच करायला बसलास तर वॉच संपेपर्यंत तळ दिसतो. घरून आलेल्या लाडवांचा डबा मेसमध्ये सगळ्यांसमोर ठेव, तो आपोआप संपेल.

लोणचं, पापड, नमकीन यांच्याकडेही लक्ष असू दे. मेडिकलला वजनाइतकंच रक्तदाबाकडे बघतात.

आता व्यायाम. त्यातली मुख्य गोष्ट एकच आहे आणि बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: व्यायामाचा वेळ कमी झाला तर चालतं, जोर कमी झाला तर चालत नाही. एकदा कमावलेला दम आठवड्यातून दोन दिवस पळूनही बरेच आठवडे टिकतो, पण त्या दोन दिवसांत छातीचा भाता पहिल्यासारखाच चालला पाहिजे. ताकदीचं तर त्याहून सोपं आहे. एखाद्या स्नायूगटाला आठवड्यातून एक-दोनदा नीट जड काम मिळालं तर तो सहजासहजी उतरत नाही. जहाजावर बहुतेक जण याच्या उलट करतात. आठ दिवस काहीच करत नाहीत, मग मन खाऊ लागलं की ट्रेडमिलवर पाऊण तास गप्पा मारत चालतात. त्याने घाम येतो, पण १.६ किलोमीटरचा टाइम जागचा हलत नाही.

तुला गमावलेलं परत मिळवायचं आहे, म्हणून तुझ्यासाठी समुद्रात आठवड्याला तीन कडक दिवस, प्रत्येकी वीस ते पंचवीस मिनिटं. त्याहून जास्त लिहून दिलं तर तू पहिल्या आठवड्यात करशील आणि दुसऱ्या आठवड्यात सोडशील.

हे तीन दिवस बसवायचे कधी? "रोज सकाळी सहाला" असला नेम जहाजावर टिकत नाही. तुझी वॉच चार तास कामाची, आठ तास मोकळी. पण संध्याकाळचे चार ते सहा आणि सहा ते आठ अशा दोन डॉग वॉच असल्यामुळे दिवसाच्या वॉच सात होतात आणि तुझी वेळ रोज सरकते. आज मिडल, तर उद्या फर्स्ट (रात्री आठ ते बारा). मग घड्याळाला बांधलेला व्यायाम तिसऱ्याच दिवशी कोलमडतो. पण याच डॉग वॉचमध्ये तुझी सोय आहे. चार ते आठ या वेळात तुझी पाळी असली तरी ती दोनच तासांची असते, म्हणजे उरलेले दोन तास तुझे. त्यात जेवण आलं, कपडे धुणं आलं, कधी ड्रिल लागेल, कधी अँकरेजचं काम निघेल, तरी पंचवीस मिनिटं निघतात. जहाजाचं दिवसाचं कामही तोवर आटोपलेलं असतं आणि डेक थंड व्हायला लागलेलं असतं. पहिली डॉग असेल तर उतरल्यावर, दुसरी असेल तर चढण्यापूर्वी व्यायाम, असं वॉच बिलावर (पाळ्यांच्या तक्त्यावर) पेन्सिलीने आठवड्याचं मांडून ठेव.

ज्या दिवशी मिडल वॉच केलीस, त्या दिवशी कडक व्यायाम नाही. रात्री बारा ते चार जागलेल्या माणसाला भूक जास्त लागते, गोड जास्त खावंसं वाटतं आणि शिडीवरून पाय सटकण्याची शक्यताही वाढते. त्या दिवशी फक्त दहा मिनिटं पाठ आणि मांड्या ताणायच्या. दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी मिळाली तर ती घे, ती व्यायामाच्याच खात्यात धर. झोपायच्या सहा तास आधी चहा बंद. इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टी या दोन वस्तू तुझ्या लॉकरमध्ये प्रोटीनच्या डब्याच्या आधी आल्या पाहिजेत. बंकचा पडदा ओढून फोनमध्ये डोकं घालणाऱ्यांना मी काय सांगू, त्यांचं त्यांना कळतं.

समुद्र शांत असेल तेव्हा हेलो डेक (हेलिकॉप्टर उतरायची जागा) किंवा हँगर. आधी विचार. हेलिकॉप्टर उडणार असेल तर तिथे पाऊलही टाकायचं नाही, आणि अंधार पडल्यावर अप्पर डेकवर एकट्याने जायचं नाही. फ्रिगेटच्या हेलो डेकवर एक फेरा साठ-सत्तर मीटरचा होतो, म्हणजे १.६ किलोमीटरला पंचवीसेक फेरे. पण इतक्या लहान वर्तुळात पळताना एकाच बाजूच्या गुडघ्यावर आणि घोट्यावर ताण पडत राहतो, म्हणून दर पाच फेऱ्यांनी दिशा उलटी कर. डेकवर हेलिकॉप्टर बांधायच्या कड्या असतात, त्यांच्यावरून अडखळलेला माणूस थेट नॉन-स्किडवर पडतो आणि तो रंग म्हणजे खरखरीत पॉलिश पेपरच. गुडघ्याची सालं निघतात. खालचं पोलाद काही देत-घेत नाही, त्यामुळे आठवड्यातून दोनदाच पळ, आणि तेही लांब नको: तीस सेकंद जीव तोडून, एक मिनिट चालत, असे आठ वेळा. बारा मिनिटांत काम होतं. जागा मिळाली नाही तर हेच दोरीउड्यांनी कर. मेस डेकचं (राहण्या-जेवण्याच्या जागेचं) छत बुटकं, दोरी केबल ट्रेला लागते, तिथे दोरी नसली तरी नुसत्या उड्या मार. लाज वाटते पहिल्या दिवशी, नंतर आणखी दोघे शेजारी येऊन उभे राहतात.

ताकदीसाठी तुला सहा फूट बाय दोन फूट जागा लागते आणि ती प्रत्येक जहाजावर आहे. आधी दहा सूर्यनमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत हे सुरू केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे युद्धनौका नसणार, पण इतक्या कमी जागेत खांदे, पाठ, मांड्यांचा मागचा भाग आणि श्वास एकत्र हलवणारं दुसरं काही मला माहीत नाही. त्यानंतर चार फेऱ्या: पंधरा जोर, वीस बैठका, बारा वेळा रबरी बँड छातीकडे ओढणं, चाळीस सेकंद प्लँक, मग एक मिनिट दम घ्यायचा. पंधरा जोर सहज निघायला लागले की आकडा वाढवू नकोस, काम अवघड कर. पाय खालच्या बंकवर ठेव, किंवा खाली जाताना तीन मोजत जा. बैठका हलक्या वाटल्या तर किटबॅग छातीशी धर.

बँडवर जरा बोलतो. काही शे रुपयांत मिळणारी ती रबरी पट्टी जहाजावरच्या माणसासाठी सगळ्यात कामाची वस्तू आहे. आपल्याकडे जोर मारणारे खूप, पण ओढण्याचा व्यायाम करणारे कमी, कारण बार नसतो. मग खांदे पुढे येतात आणि ब्रिजवर चार तास उभं राहिल्यावर मानेखाली दुखायला लागतं. स्टँचनला (डेकमधल्या उभ्या खांबाला) बँड अडकवून ओढ. डोक्यावरच्या पाइपला मात्र कधीही लोंबकळू नकोस. त्यातला एखादा फायर मेन, म्हणजे आग विझवण्याच्या पाण्याचा असतो, एखादा हायड्रॉलिकचा, आणि केबल ट्रे तर माणसाच्या वजनासाठी लावलेलाच नसतो. पुल-अप्ससाठी वेल्ड केलेला बार असेल तर तोच वापर. जिममध्ये रोइंग मशिन असेल तर ट्रेडमिलपेक्षा ते निवड. जहाज रोल व्हायला, म्हणजे दोन्ही बाजूंना डोलायला लागलं की ट्रेडमिलवर पट्टा एकीकडे आणि आपण एकीकडे.

रोलमध्ये बैठक मारायची पद्धत शिकून घे, ती कोणत्याही पुस्तकात नसते. जहाज बाजूला कलतं, म्हणून तोंड जहाजाच्या पुढच्या किंवा मागच्या दिशेला करून पाय खांद्यांपेक्षा जास्त रुंद ठेवायचे, म्हणजे कलंडण्याचा भार दोन्ही पायांत वाटला जातो. डेक लाटेबरोबर वर उचललं जातं तेव्हा अंग जड होतं, खाली जातं तेव्हा हलकं. दोन-तीन लाटा नुसतं उभं राहून तळपायांत तो ताल ओळखायचा. अंग हलकं व्हायला लागलं की बसायचं, आणि जड होण्याच्या आत अर्ध्यावर तरी उठून आलेलं असायचं. याच्या उलट झालं, म्हणजे तू खाली तळाला आणि डेक वर येतंय, तर तो सगळा भार गुडघ्यावर येतो. एक हात नेहमी रेलिंगजवळ. वजन हातात घेऊन हे करायचं नाही. डंबेल, किटबॅग, पाण्याचा कॅन, जे काही वापरलंस ते संपल्याबरोबर लॅशिंग करून, म्हणजे दोरीने घट्ट बांधून ठेव. रात्री सुटलेलं वीस किलोचं डंबेल मेस डेकमध्ये काय करतं ते बघायची वेळ कोणावर येऊ नये.

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा तुझं जहाज बाहेर असणार. त्या दिवसांत उभ्याने करायचं काही नको. बल्कहेडला (जहाजाच्या आतल्या भिंतीला) पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं तीस-चाळीस सेकंद थांब, टॉवेल स्टँचनमागून घेऊन दोन्ही टोकांनी पूर्ण ताकदीने ओढून धर, प्लँक, आडवं पडून कंबर उचलणं. न हलता लावलेला जोरही जोरच असतो, फक्त श्वास रोखू नकोस. आणि समुद्र लागला असेल तर काहीच करू नकोस. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. तोवर कोरडं खा, घोट घोट पाणी पी, जमेल तेव्हा वर येऊन क्षितिजाकडे बघ, आडवं व्हायचं तर जहाजाच्या मध्याजवळ, खालच्या बाजूला जागा शोध. उलटीवरची गोळी सिक बेमधून (जहाजावरच्या दवाखान्यातून) विचारूनच घे. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि वॉचवर पेंगणं परवडत नाही.

इंजिन रूमच्या पोरांसाठी एक वेगळी सूचना, तू त्यात असशील तर वाच. खालून वॉच करून आल्या आल्या कडक व्यायाम करायचा नाही. शरीर आतून तापलेलं असतं आणि पाणी आधीच कमी झालेलं असतं. आधी तासभर थंड हवेत, पाणी, लागलं तर ओआरएस, आणि लघवीचा रंग फिका पिवळा झाला की मग. घामाने भिजलेला टी-शर्ट बंकमध्ये गुंडाळून ठेवणं हा जहाजावरचा सगळ्यात जुना रोग. गोड्या पाण्यावर बंधन असलं की लोक अंघोळ टाळतात, मग जांघेत नायटा होतो आणि चालणंही अवघड होतं, व्यायाम दूरच. पाणी कमी असेल तर ओल्या फडक्याने अंग पूस, जांघा कोरड्या कर आणि सुकलेली चड्डी घाल. नायटा झालाच तर मित्राची स्टेरॉइडवाली क्रीम लावू नकोस, ती आधी बरं वाटवते आणि नंतर पसरवते.

पाणबुडीवाले मित्र विचारतात म्हणून लिहितो. कलवरी वर्गाची पाणबुडी साडेसदुसष्ट मीटरची, आत चालायला एकच अरुंद वाट. तिथे दमछाक करणारा व्यायाम नकोच. बंद हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, आणि गस्तीवर असताना खाली पडलेल्या एका लोखंडी वस्तूचा आवाज पाण्यात लांब जातो. त्यांनी बँड, टॉवेल आणि संथ बैठका यांवरच भागवावं आणि बंदरात आल्यावर उन्हात फिरावं. अमेरिकी नौदलाच्या फिटनेस कार्यक्रमातही पाणबुडीसाठी वेगळी व्यायाममालिका आहे, ती उगाच नाही.

तू म्हणशील, एवढं सगळं मेडिकलसाठी? मेडिकल आहेच. वजनामुळे लो मेडिकल कॅटेगरी लागली तर अडचण, आणि अग्निवीराला चार वर्षांनंतर कायम व्हायचं तर पंचवीस टक्क्यांपर्यंतच जागा, त्यामुळे कागदावर डाग नकोच. पण पीटीआय म्हणून मला दुसरी गोष्ट जास्त खटकायची. आगीच्या ड्रिलमध्ये ब्रीदिंग अपरॅटस (श्वासासाठी हवेचा सिलेंडर आणि मास्क) लावून पाण्याने भरलेला होज घेऊन दोन डेक खाली उतरायचं असतं. सिलेंडर सगळ्यांना सारखाच मिळतो. पण ज्याचा दम तुटलेला आहे तो धापा टाकत ती हवा लवकर संपवतो आणि त्याच्यामुळे जोडीदारालाही मागे फिरावं लागतं. बेशुद्ध माणसाला स्ट्रेचरवर बांधून हॅचमधून उभा वर काढायचा असतो, तिथे पाठ आणि पकड लागते. पुढच्या ड्रिलला मागे न राहता होजच्या पुढच्या टोकाला जा. तुझी खरी परीक्षा तिथेच होते, आणि आठवड्यातल्या एका कडक दिवसाचं कामही होऊन जातं.

आता बंदर. मुंबईत जहाज लागलं की पहिल्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी एका दमात पळायची हौस येते. ती आवर. कित्येक आठवडे पायांनी सलग अर्धा तास आदळणं अनुभवलेलं नाही, नडगीच्या हाडाला ते सोसत नाही आणि मग पंधरा दिवस पळणंच बंद. पहिल्या आठवड्यात दोन किलोमीटर, त्यातही चार मिनिटं पळ, एक मिनिट चाल. दुसऱ्या आठवड्यात तीन. त्यानंतर आठवड्यातून एकदा मैदानावर ४०० मीटरचे चार तुकडे, मध्ये दोन-दोन मिनिटं थांबून. तुझा जुना टाइम पावणेसहा मिनिटं म्हणजे ४०० मीटरला साधारण ८६ सेकंद. आज त्याच्या मागे लागू नकोस, १०५ सेकंदांपासून सुरुवात कर आणि दर आठवड्याला दोन-तीन सेकंद काप. मध्येच जहाज बाहेर गेलं तर हेलो डेकवरचे तीस सेकंदांचे तुकडे ते टिकवून धरतील. नडगी दुखत असेल तर पोहायला जा, दम तिथेही वाढतो.

वजनाचा हिशेब साधा आहे. दिवसाला पाचशे-साडेपाचशे कॅलरी कमी पडल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरतं. सात किलोंना चौदा-पंधरा आठवडे. तुझ्याकडे सोळा-सतरा आहेत, म्हणजे जेमतेम पुरतात. समुद्रात वजनकाट्यावर विश्वास ठेवू नकोस. लाटेबरोबर काटा दोन-चार किलो वरखाली नाचतो आणि उगाच आनंद किंवा दुःख होतं. शिंप्याची टेप ठेव, बेंबीच्या पातळीवर दर रविवारी सकाळी मोज. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या आत कंबर हवी असं डॉक्टर धरतात.

मेडिकलच्या आधी तीन दिवस पाणी तोडणं, प्लास्टिक गुंडाळून पळणं, लघवीच्या गोळ्या, हे प्रकार दरवर्षी कोणीतरी करतंच. काटा दोन किलो खाली येतो आणि रक्तदाब, नाडी, लघवीचा रिपोर्ट बिघडतो, म्हणजे एकात पास होण्यासाठी तिन्हींत नापास. 'फॅट बर्नर' नावाने मिळणाऱ्या डब्यांत उत्तेजक द्रव्यं असतात, चाळीस अंशांच्या कंपार्टमेंटमध्ये काम करणाऱ्याने ती घेणं म्हणजे स्वतःच्या हृदयाशी खेळ. गावाकडच्या जिममधून सुट्टीत आणलेल्या इंजेक्शनांबद्दल तर बोलायलाच नको, आणशील तर तुझ्या पीटीआयच्या आधी मीच तुला शोधत येईन. अंडी, डाळ, दूध, चिकन मेसमध्ये आहे, तेवढं प्रोटीन तुला पुरतं.

मार्च २०२३मध्ये चिल्काहून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात मुलीही होत्या, आणि आता त्याही हे वाचत असतात. त्यांच्यासाठी कंबरेचा आकडा सोडला तर वरचं सगळं तसंच लागू आहे, एक भर: दमायला लवकर होत असेल तर व्यायाम वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

तुझ्या जहाजावरच्या पीटीआयला हे उत्तर दाखव आणि आठवड्याचं मांडून घे. तो हसेल, पण मदत करेल. आणि जोर लावायला सांगितलंय म्हणून त्याची मर्यादाही लक्षात ठेव. व्यायामात छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, उन्हात घाम यायचा अचानक बंद झाला, किंवा गरमीत जास्त व्यायाम केल्यावर लघवी कोकसारखी काळपट झाली, तर उद्या बघू म्हणायचं नाही. तसाच सिक बेमध्ये जा आणि मेडिकल असिस्टंट झोपला असेल तर त्याला उठव.